उत्तरेच्या दाराचं ऊन

वळकटी माळ्यावरून धपकन खाली आली आणि तिच्यामागून धुळीचा लोट उतरला. चामड्याचे पट्टे वाळून कडक झाले होते. एक बक्कल केव्हाच हरवलं होतं. त्याच्या जागी मीच कधीतरी पायजम्याची नाडी बांधलेली होती, ती मात्र शाबूत होती. नाडी सोडली तसा आधी डांबरगोळ्यांचा वास आला, मग कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा, आणि सगळ्यात शेवटी, अगदी घडीच्या पोटातून, माक्याच्या तेलाचा. तो वास दिगंबरच्या डोक्याचा. आता त्या डोक्यावर तेल लावण्यासारखं काही उरलेलं नाही.

वळकटी काढावी लागली ती केतकीमुळे. केतकी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची नात. पुण्याला नोकरी करते. चार दिवस आमच्या वाशीमच्या घरी आली आहे आणि सोबत तिची मैत्रीण रेवा आहे. काल दुपारी दोघी ओट्यावर एकाच फोनमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. मी विचारलं, काय चाललंय?

"सुट्टीत कुठं जायचं ते बघतोय, आजोबा," केतकी म्हणाली. "अशा जागांची यादी असते. जिथं आमच्यासारख्यांचं स्वागत करतात. कोणी काही विचारत नाही."

"आमच्यासारख्यांचं" म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही, जास्वंदीकडे बघितलं. मग रेवानं मला यादी वाचून दाखवली. प्रत्येक जागेपुढे चांदण्या होत्या, आणि राहून आलेल्यांनी खाली शेरे लिहिले होते. मालक हसतमुख आहे. एकच पलंग मागितला तर भुवया उंचावत नाहीत. नाश्ता बरा.

मी आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर शेरे मारले. जागेवरही शेरे मारता येतात, हे मला कालच कळलं.

आत आरामखुर्चीवर दिगंबर पडला होता. त्याच्या कानात यंत्र आहे, पण त्याला हवं तेवढंच ऐकू येतं. दिगंबर माझा कोण, हे केतकीनं कधी विचारलं नाही. वाशीमच्या घरी दोन आजोबा असतात, एक भूगोल शिकवणारे आणि एक चित्रं काढणारे, एवढंच तिला लहानपणापासून ठाऊक. अलीकडे वर्तमानपत्रात आमच्यासाठी एक शब्द येतो, समलिंगी. तो वाचला की मला समभुज त्रिकोण आठवतो. वाईट शब्द नाही. भूमितीतला वाटतो, एवढंच.

"कोणी काही विचारत नाही अशी जागा आम्हाला कधी मिळाली नाही," मी केतकीला म्हणालो. "आम्हाला सगळं विचारणारी जागा मिळाली होती. ती वळकटी काढ, सांगतो."

तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हता, अकोल्यातला एक तालुका होता. मी रिसोडला शाळेत लागून दोन वर्षं झाली होती. आमच्या घरात सही करणारा पहिला माणूस मी, आणि बी. ए. होणारा आमच्या गावातलाही पहिलाच. माझ्या वडिलांनी ती पदवी चौकटीत बसवून गोठ्याच्या भिंतीला लावली होती, कारण दिवसातला सगळ्यात जास्त वेळ ते तिथंच असत. मला शिकवायला ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांचं ऋण मी अजून मानतो, आणि त्यात अमरावतीच्या वसतिगृहाचा तो कारकूनही येतो, ज्यानं काही एक विचार न करता माझं नाव सात नंबरच्या खोलीपुढे लिहिलं. सात नंबरात आधीच एक मुलगा होता. चित्रकलेचा. त्याच्या खाटेखाली रंगांच्या वाट्या होत्या, आणि खोलीला डिंकाचा, जवसाच्या तेलाचा आणि माक्याचा वास होता. त्यानं माझ्या कंपासपेटीवर पहिल्याच दिवशी एक घुबड काढलं. "हे तू हायेस," तो म्हणाला. दोन खाटा होत्या आणि मच्छरदाणी एकच.

पुढे दिगंबर कामरगावला चित्रकलेचा मास्तर झाला, मी रिसोडला. आता जीपगाडी निघाली की अर्ध्या दिवसात पोचते. तेव्हा मोटार, मग दुसरी मोटार, मग वाट बघणं. आठवड्याला एक कार्ड यायचं, त्यावर मजकूर दोन ओळींचा आणि उरलेल्या जागेत बैल, विहीर, हेडमास्तरांची टोपी. पोस्टमन ती कार्डं आधी सगळ्या गल्लीला दाखवत असे आणि मगच मला देत असे. आमच्या वाट्याला खऱ्या अर्थानं दोन सुट्ट्या होत्या, दिवाळीची आणि उन्हाळ्याची. त्यांत जायचं कुठं, हा प्रश्न होता.

आजच्या पोरांना वाटतं, तेव्हा लोक दोन पुरुषांना एका खोलीत राहू देत नसतील. तसं मुळीच नव्हतं. दोघा मित्रांनी एका घोंगडीत झोपावं, गळ्यात हात टाकून बाजारातून फिरावं, कोणाला त्याचं काही नव्हतं. अडचण वेगळीच होती. आम्हा दोघांना कोणी हटकत नसे, पण दोघांनाच असं कोणी सोडतही नसे. वऱ्हाडात पाहुणा एकटा बसलेला दिसला की घरादाराला अपराधी वाटतं. माझ्या थोरल्या बहिणीकडे आम्ही एका दिवाळीत पाच दिवस राहिलो. तिच्या सासूनं आम्हाला माडीवरची खोली दिली, स्वतः झाडून दिली. माझं मन भरून आलं. मग तिनं खालून हाक मारली, "अवो, पोट्टे हो! मास्तरायजवय वर जा सारे! परक्या गावात त्याहिले करमत नसंन!" सात भाचे-पुतणे उशा घेऊन वर आले. पाचही दिवस. त्यांतला एक झोपेत दात खात असे.

तर त्या उन्हाळ्यात मी एक युक्ती काढली. मला अजूनही तिचा अभिमान आहे. वार्षिक परीक्षा झाल्या होत्या आणि माझ्याकडे भूगोलाचे आणि भूमितीचे गठ्ठे होते. पेपर तपासताना कोणी खोलीत यायचं नसतं, दार लावून घ्यायचं असतं, हा नियम साऱ्या मुलखाला ठाऊक होता आणि त्याला मान होता. दिगंबरनंही गठ्ठा आणला. त्याच्या गठ्ठ्यात पन्नास मुलांनी काढलेली पन्नास वांगी होती.

रिसोडहून तीन कोसांवर एका गावी आबासाहेब म्हणून मोठे शेतकरी होते. गावाचं नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं अजून तिथं नांदतात. त्यांच्या पुतण्याला मी शिकवत असे. त्यांनी दमणी पाठवली, त्या छोट्या गाडीत पांढरी गादी घातलेली, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. आमराईच्या कडेला एक सुटी खोली होती. आत कैऱ्यांच्या चिकाचा आणि जुन्या ज्वारीचा वास, खिडकीबाहेर होले घुमत होते, जमीन नुकतीच सारवलेली. दाराला आतून कडी होती. ती कडी दिगंबरनं दोनदा लावून बघितली आणि दोनदा काढून बघितली.

"आबासाहेब," मी म्हणालो, "पेपर तपासाचे हायेत. कोनी येऊ नये म्हन्जे झालं."

"कोन येते पाहतो ना मी," आबासाहेब म्हणाले. छाती भरून आली होती त्यांची. त्यांच्या आमराईत सरकारी पेपर!

तासाभरानं दाराबाहेर खाकरण्याचा आवाज आला. उघडून बघतो तर गावचा कोतवाल सखाराम, डोक्याला लाल फेटा, हातात तेल लावलेली काठी, दाराला पाठ टेकून बसलेला.

"तुमी कराना बिनघोर तुमचं," तो म्हणाला. "आबासायबाचा हुकूम हाय. मुंगी बी आत जात नाही."

मुंगी गेली नाही. पण सखाराम दर पाव घटकेला खाकरे, म्हणजे आम्हाला धीर यावा. मध्येच म्हणे, "मास्तर, हाय ना सगळं ठीक?" आम्ही म्हणायचं, "हाव." रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला तो सांगे, "आवाज नोको करू बे! आत पेपर चालू हाय!" त्यामुळे दुसऱ्या दिवशी पेपर चालू असलेला बघायला वीस-पंचवीस माणसं आंब्याखाली येऊन बसली, एकदम शांत, देवळात बसावीत तशी. तीन दिवसांत मी भूगोलाचा अख्खा गठ्ठा पुरा केला, फक्त एकच पेपर कुठंतरी भूमितीच्या गठ्ठ्यात सरकला, तो राहून गेला. इतक्या निष्ठेनं मी पेपर कधी तपासले नव्हते. दिगंबरनं पन्नास वांग्यांना गुण दिले आणि मग कंटाळून त्यांना हातपाय काढले.

आत यायची मुभा होती ती फक्त आबासाहेबांच्या थोरल्या मुलीला, शांताला, कारण ती पाणी आणी. सतरा-अठरा वर्षांची असेल. तांब्या ठेवताना तिनं माझ्या हातातल्या भूमितीच्या पेपरावर नजर टाकली आणि थांबली.

"मास्तर, ह्याचं तिसरं बरोबर हाय."

"कसं काय?"

"त्यानं दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. तुमी चुकीची खूण मारली." मग लाजून पळाली. मी पुन्हा बघितलं. बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आबासाहेब स्वतः आले. सखारामला दूर जायला सांगितलं. त्यांनी आणलेल्या आंब्याच्या टोपलीवर हिरवा पाला होता. बसले, उपरण्यानं वारा घेतला, आणि आमच्या दोघांकडे इतक्या मायेनं बघितलं की मला घाम फुटला.

"तीन दिवस पाहून राह्यलो तुमाले," ते म्हणाले. "अशी दोस्ती म्या पाह्यली नाही. एक जेवला नाही तं दुसरा जेवत नाही. एकाले शिंक आली तं दुसरा खिडकी लावते. पन पोरं हो, हे कायम रायत नाही. उद्या याची बायको एका गावची, त्याची दुसऱ्या गावची, अन् तुमी दोघं वर्साले एकदा भेटान. म्हनून म्या उपाय काढला." त्यांनी दोन बोटं एकमेकांना चिकटवली. "माझ्या दोघी पोरी. शांता अन् विमल. तुमी साडू व्हा!"

बाहेर होला घुमला.

"साडू म्हन्जे काय कमी नातं हाय?" आबासाहेब पुढे म्हणाले. "दर सनाले इथंच. दर सुटीत इथंच. ही खोली तुमची. कोनाची छाती हाय इचाराची? अक्षयतृतीयेपावतर सांगा."

ते गेल्यावर आम्ही बराच वेळ आंब्याच्या टोपलीकडे बघत बसलो. मग दिगंबर हसायला लागला, आणि हसता हसता गप्प झाला. मला तो गप्पपणा आवडला नाही.

"सोय तं चांगली हाय," तो म्हणाला.

"दिगू!"

"नाही, मी म्हनून राह्यलो. सारं आयुष्य. दर सुटी. कोनी इचारनार नाही. कडीबी हाय दाराले."

"अन् त्या दोघी?"

याचं उत्तर शांतानं दुसऱ्या दिवशी दिलं. तांब्या ठेवला, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "मास्तर, तुमी नाही म्हना. मले मॅट्रिकले बसाचं हाय." एवढंच बोलून ती गेली. खोलीत थंड पाण्याचा आणि वाळ्याचा वास राहिला. तेवढं ऐकून मी वळकटी बांधायला घेतली.

वाशीमच्या मोटार अड्ड्यावर आमचं भांडण झालं. आयुष्यात आम्ही पुष्कळ भांडलो, पण हे एकच माझ्या लक्षात राहिलं आहे, शब्दांसकट. उन्हानं पत्रा तापला होता, चहाच्या टपरीवर रॉकेलचा वास होता, आणि दिगंबर वळकटीवर बसून आपल्या टोपीनं माशा मारत होता.

"तू भूगोलाचा मास्तर ना?" तो म्हणाला. "साऱ्या नकाशात एक जागा दाखव मले. एकच. जिथं आपन दोघं आठ दिवस राहू शकतो. दुसरं कोनी नाही. सापडली तं ठीक, अन् नाही सापडली तं मी आबासायबाले हो म्हनतो. मी थकलो बापा. सात पोट्टे उशाशी घेऊन झोपायले."

"अन् शांतानं सांगतलं ते?"

"म्हनून तं म्हनतो, लवकर दाखव."

मला एकही जागा दाखवता आली नाही. मी वर्गात मुलांकडून घोकून घेत असे: चिखलदरा, पचमढी, महाबळेश्वर. यांतलं एकही मी पाहिलं नव्हतं. तिथं साहेब लोक जात, कुटुंब घेऊन. नकाशावर सगळी गावं असतात, त्यांत राहणारी माणसं नसतात. माझं शिक्षण त्या दिवशी मला कमी पडलं, आणि मी तसं त्याला सांगितलंही.

एवढ्यात एक मोटार आली. टपावर रिकाम्या पेट्या, दोर, तंबूच्या काठ्या होत्या. आत दुकानदार होते. पोहरादेवीची रामनवमीची जत्रा संपून बरेच दिवस झाले होते आणि ते उरलेली दुकानं उचलायला चालले होते.

"कुठं जाते?" दिगंबरनं विचारलं.

"पोहऱ्याले. पन आता तिथं काई नाही. जत्रा उठली."

"म्हन्जे कोनीच नाही?"

"कोनी नाही."

दिगंबरनं वळकटी उचलली.

उठलेल्या जत्रेचा वास मला वर्णन करून सांगता येणार नाही, तरी प्रयत्न करतो. होमातल्या तुपाचा, गार राखेचा, फुटलेल्या नारळांच्या करवंट्यांचा, बैलांच्या शेणाचा. जमिनीवर कागदी फुलं, बांगड्यांचे तुकडे, एक फुटकी पिपाणी. हजारो माणसांच्या पायांनी गुळगुळीत झालेली माती आणि तिच्यावर एकही पाऊल नाही. वारा आला की कुठल्यातरी खांबाला राहिलेली पताका फडफडे आणि आम्ही दोघंही दचकून मागं बघत असू.

रस्त्याच्या फाट्यावर एक छपराची खानावळ होती. जत्रेत यात्रेकरूंना भाकरी घालायची, आता चूल थंड होती. समोर दोन म्हाताऱ्या जवस निवडत बसल्या होत्या. एक भागाबाई, नऊवारी लुगड्यातली, हाडकुळी, आवाज कोतवालासारखा. दुसरी झमकूबाई, बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, आरशांच्या चोळीतली, हातभर बांगड्या. दोघींचे नवरे केव्हाचे वारलेले. भागाबाई बोले आणि झमकूबाई हसे, अशी कामाची वाटणी होती.

"जागा भेटन का, माय? आठ दिवस?"

"कायले?"

"पेपर तपासाचे हायेत," मी म्हणालो. सवयच पडली होती.

मग भागाबाईनं जवसाचं सूप बाजूला ठेवलं आणि विचारायला सुरुवात केली. गाव कोणतं? बाप काय करते? जात? माय जिती हाय का? पगार टायमावर भेटते का? हा दुसरा काहून बोलत नाही, मुका हाय का? चित्रं काढते? चित्रं काढायचा पगार देतात? पोट साफ रायते का दोघायचं? दिगंबर घाबरून खरी उत्तरं देत होता. मी मात्र एका प्रश्नाची वाट बघत होतो, परीक्षेत आपल्याला न येणाऱ्या प्रश्नाची बघावी तशी: लगन झालं का? तो आता येईल, मग येईल. तो आलाच नाही. भागाबाई उठली आणि मागची कुडाची खोली उघडून दिली.

आम्ही वळकटी सोडली. तिच्यात दोन सतरंज्या असत, एक त्याची, एक माझी. दोन्ही तुरुंगात विणलेल्या, निळ्या पट्ट्यांच्या. "खुन्यांनी इनलेल्या हायेत, फाटत नाहीत," असं दिगंबर म्हणायचा, आणि खरंच फाटल्या नाहीत. सवयीनं आम्ही एक या भिंतीला अंथरली, दुसरी त्या भिंतीला, मध्ये एक माणूस झोपेल एवढी जागा सोडून. सगळीकडे आम्ही असंच करायचो, कोणी सांगण्याच्या आधीच.

भागाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हे काय करून राह्यले?"

"अंथरून राह्यलो, माय."

"दोन कायले पायजे? एक अंथरा. दुसरी दाराले लावा, ऊन येते."

बाहेर झमकूबाईच्या बांगड्या वाजल्या. ती हसत असावी.

इथं मला एक कबुली दिली पाहिजे. मी भूगोलाचा मास्तर होतो, आणि चुकलेलं उत्तर तसंच सोडून देणं माझ्या रक्तात नव्हतं. भर दुपार होती. मी दाराबाहेर डोकं काढून सावली बघितली आणि अतिशय आदरानं म्हणालो, "पन माय, हे दार तं उत्तरेले हाय. उत्तरेच्या दाराले ऊन..."

दिगंबरनं माझ्या पायावर पाय दिला. पूर्ण वजन टाकून.

"मास्तर," भागाबाई म्हणाली, "उनाले दिशा शिकवू नोका. लावा म्हनलं तं लावा."

आम्ही सतरंजी दाराला लावली. खोलीत निळा अंधार झाला. त्यात कुडातून येणाऱ्या उजेडाच्या बारीक रेघा होत्या, आणि एखाद्यानं आपला मोडता मोडता वाचलेला हात जपावा तसा दिगंबर माझा हात धरून बसला होता. बाहेर कोणी खाकरलं नाही. थोड्या वेळानं मी पडद्याबाहेर डोकं काढून बघितलं. शेजारी, आमच्याच रांगेत, म्हाताऱ्यांची स्वतःची झोपडी होती. तिच्या दारालाही एक जुनं लुगडं टांगलेलं होतं, उन्हासाठी. तेही दार उत्तरेलाच होतं.

आठ दिवस आम्ही तिथं राहिलो. सकाळी भाकरी आणि जवसाची चटणी, दुपारी अंबाडीची भाजी, वरून झमकूबाईच्या हातचं ताक, इतकं आंबट की दिगंबर डोळे मिटून प्यायचा. भागाबाई रोज काहीतरी नवं विचारी. बी. ए. म्हणजे काय? तिच्यापेक्षा मोठी परीक्षा असते का? मग ती काहून नाही दिली? आमच्यावर तिची पाळत होती ती फक्त पोटाबाबत. हाक मारल्याशिवाय ती त्या सतरंजीच्या आत कधी आली नाही. "मास्तर, येऊ का?" असं विचारी, आणि आम्ही ये म्हणेपर्यंत बाहेर उभी राही. गोठ्याच्या भिंतीवरच्या पदवीनंसुद्धा मला एवढा मान मिळवून दिला नव्हता.

चौथ्या दिवशी मी तो राहिलेला शेवटचा भूगोलाचा पेपर वाचत होतो. प्रश्न होता, पाच थंड हवेची ठिकाणे लिहा. रिसोडच्या एका मुलानं लिहिलं होतं: एक, आमच्या विहिरीची आतली पायरी. दोन, महादेवाचा गाभारा. तीन, रांजणाच्या मागची जागा. चार, पोळ्याला धुतल्यावर बैलाची पाठ. पाच, आठवत नाही.

मी लाल पेन्सिल उचलली. भागाबाईनं विचारलं, काय लिवलं? मी वाचून दाखवलं.

"मंग चुकलं काय त्याचं?"

"चिखलदरा, पचमढी पायजे होतं, माय."

"तुमी गेले होते पचमढीले?"

"नाही."

"तो विहिरीत गेला होता. त्याचं खरं, तुमचं ऐकीव." तिनं पाचवा क्रमांक कुठला आहे ते मला बोटानं दाखवायला लावलं. "अन् हे? हे काहून रिकामं?"

"त्याले आठवलं नाही."

"मंग तुमी भरा," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

दिगंबरनं माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि पाच नंबरापुढे एक बारीकसं चित्र काढलं: कुडाची खोली, दाराला पट्ट्यांची सतरंजी. परीक्षकानं उत्तरपत्रिकेत असं काही करणं गैर आहे, हे मला ठाऊक आहे. मी त्या मुलाला पैकीच्या पैकी गुण दिले. मग न्यायासाठी बाकीचेही गठ्ठे पुन्हा काढले, आणि त्या वर्षी माझ्या वर्गात कोणी नापास झालं नाही. हेडमास्तरांनी माझं जाहीर कौतुक केलं, आणि मी ते मान खाली घालून ऐकलं.

आठव्या दिवशी दिगंबर म्हणाला, "कागद दे." आबासाहेबांना पत्र त्यानं सांगितलं, मी लिहिलं. आम्ही उभयता संसारास नालायक आहोत. आपल्या थोरल्या कन्येस मात्र मॅट्रिकला जरूर बसवावे, तिची भूमिती माझ्यापेक्षा चांगली आहे. आबासाहेबांना वाटलं हा आमचा विनय. त्यांनी रिसोडला आंब्याची टोपली पाठवली आणि, असं ऐकलं, पुढची दोन वर्षं वाट बघितली. तेवढ्यात शांता मॅट्रिक झाली. कार्ड आलं होतं तिचं. त्यात एकच वाक्य होतं, आणि खाली एक त्रिकोण, तिन्ही बाजू सारख्या. तो तिनं का काढला, हे मी तिला कधी विचारलं नाही.

फाट्यावरच्या त्या खोलीत आम्ही अकरा सुट्ट्या काढल्या. मग झमकूबाई गेली, आणि तिच्या मागं चौथ्या महिन्यात भागाबाई. मग माझी बदली वाशीमला झाली, दिगंबरनंही खटपट करून इकडे घेतली. दोन मास्तर, घरभाडं परवडत नाही, एकत्र राहतात, असं गावानं स्वतःच ठरवून टाकलं आणि आम्ही ते कधी खोडलं नाही. मागं एकदा मी त्या फाट्यावर गेलो होतो. आता तिथं टायर पंक्चरचं दुकान आहे. रस्ता रुंद झाला आहे, ज्या बाजूला दार होतं त्या बाजूला गुळगुळीत डांबर आहे. मी तिथं उभं राहून सावली बघितली. उत्तर अजून तिथंच होती.

हे सगळं मी काल केतकीला आणि रेवाला सांगितलं. रेवा डोळे पुसत हसत होती. केतकीनं फोन खाली ठेवला.

"त्या जागेला किती चांदण्या दिल्या असत्यात, आजोबा?"

"ताक फार आंबट होतं," मी म्हणालो. "एक कापावी लागेल."

दिवेलागणीला ती पाहुण्यांच्या खोलीत गेली. मी पाणी ठेवायला गेलो तर तिनं कपाटातून दोन गाद्या काढल्या होत्या. एक या भिंतीला, दुसरी त्या भिंतीला, मध्ये एक माणूस झोपेल एवढी जागा. ती जागा मी ओळखली. कोणी सांगण्याच्या आधीच सोडलेली.

"आई म्हणाली होती," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजोबांकडे जाताय तर नीट वेगवेगळ्या..."

मी तांब्या ठेवला आणि दारातच उभा राहिलो, कमरेवर हात ठेवून. ती ढब मी कुठून उचलली हे मला उभं राहिल्यावर कळलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून, ज्या माणसाला सकाळपासून चहा हवा का हे चार वेळा विचारून ऐकू आलं नव्हतं, त्याचा खणखणीत आवाज आला:

"दोन कायले पायजे वं? एक अंथर! ती निळी सतरंजी दाराले लाव, ऊन येते!"

केतकीनं खिडकीबाहेर बघितलं. अंगणात दिवा लागला होता, जास्वंदी काळोखात दिसेनाशी झाली होती. तिनं वळकटीतली सतरंजी उचलली, नाकाशी नेली, आणि एक टोक रेवाच्या हातात दिलं.

"हो, दिगू आजोबा," ती मोठ्यानं म्हणाली, "फारच ऊन येतंय."